सोळा रस्त्यांची गोलाई आणि एक चिठ्ठी

लातूरच्या गंजगोलाईत पहिल्यांदा येणारा पाहुणा एकदा तरी वाट चुकतोच. आला कोणत्या रस्त्याने आणि निघाला कोणत्या, याचा मेळ त्याला लागत नाही. कारण गोलाईला मिळणारे रस्ते एकदोन नव्हेत, चांगले सोळा आहेत. फैयाजुद्दीन नावाच्या कल्पक माणसाने हिची आखणी केली आणि १९१७ साली ती उभी राहिली. मध्ये दुमजली गोल इमारत, आत अंबाबाईचे देऊळ, आणि भोवताली एकेका रस्त्यावर एकेक बाजार. सोन्याचा बाजार वेगळा, जोड्यांचा वेगळा, मिरचीचा आणि गुळाचा वेगळा. मिरचीच्या रस्त्यावरचा ठसका सोन्याच्या रस्त्यावर फारसा पोहोचत नाही. पण कोणत्याही रस्त्यावरून कोणत्याही रस्त्यावर जायचे तर गोलाईला वळसा घालावाच लागतो.

ही गोलाई मला आठवण्याचे कारण दिवाळीच्या खरेदीचे नाही. आमच्या शाळेत पाटीएवढी लांब, विटेएवढी जाड अशी एक काळी पेटी भिंतीला टांगलेली होती. तिला सोळा भोके. प्रत्येक भोकात एक तार, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक संगणक. या पेटीला स्विच म्हणतात आणि भोकाला पोर्ट. इंग्रजीत पोर्ट म्हणजे बंदर. म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याला महाग होणाऱ्या आमच्या गावात एकदम सोळा बंदरे झाली! या पेटीने शाळेत जे घडवले ते आधी सांगतो. इतिहास मागून येईल.

सहामाही परीक्षेच्या चार दिवस आधी नववीच्या गणिताची प्रश्नपत्रिका एका मुलाच्या पडद्यावर आढळली. मुलगा हुशार, गरिबाघरचा. वडील अडत बाजारात हमाली करतात. आमची चौकशी जशी व्हायची तशीच झाली. म्हणजे चोरी कशी झाली हे कोणी विचारले नाही, कोणी केली एवढेच विचारले. आणि विचारणाऱ्यांत मीच पुढे होतो, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. मुलगा मान खाली घालून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, म्या काहीच केलं नाही. ते दिसायलं होतं म्हणून उघडलं." दुसऱ्या दिवशी वडील आले. डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगं खोटं बोलत नाही. पण तुम्ही म्हणालात तर मी मारतो त्याला."

शिक्षकांचे संगणक मुलांच्या संगणकांपासून तोडलेले आहेत, अशी आमची सर्वांची समजूत होती. पेटी बसवणाऱ्याने तसे स्वतः सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. पेटीत एक सोय असते. पेटीच्या पोटात जी चिप असते, तिला प्रत्येक पोर्टासाठी एक यादी दिलेली असते: तुझ्याकडे आलेला माल या या पोर्टांनाच द्यायचा, इतरांना नाही. मुलाच्या संगणकावरून निघालेला निरोप बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या पोर्टाला मिळेल, शिक्षकाच्या पोर्टाला मिळणार नाही. यादी पक्की होती. मग पाणी मुरले कुठे?

याचे उत्तर मला नांदेडला मिळाले. माझा एक जुना विद्यार्थी तिथे हीच कामे करतो. त्याच्या दुकानात चहा घेताना मी सगळी हकीकत सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, पेटी एक आहे का दोन?"

पेट्या दोन होत्या! मुले वाढली तेव्हा शेजारच्या खोलीत दुसरी पेटी बसवून ती एका तारेने पहिलीला जोडली होती. पण त्याचे उत्तर समजायला मला बरेच मागे जावे लागले, आणि वाचकांनाही थोडे मागे नेल्याशिवाय गत्यंतर नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला वाहतूक अलग ठेवणे म्हणजे काय हे शिकवायला नको. आमचे आजोबा-पणजोबा त्यातच वाढले. लातूरला आगगाडी आली ती १९११ साली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे ती, रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. (हा गृहस्थ पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या करू लागला, आमच्या गाडीच्या गतीकडे पाहून त्याला ती कल्पना सुचली असेल असे मात्र कोणी म्हणणार नाही.) १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला तुकडा सुरू झाला, लातूरपर्यंत यायला पुढे चौदा वर्षे लागली. इकडे नांदेडला गाडी आली ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची. मनमाड ते हैदराबाद हा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला, आणि त्याच्या रुळांची रुंदी एक मीटर. आणि मुंबईकडे जाणारा मोठा लोहमार्ग साडेपाच फुटी.

अडीच फूट, एक मीटर, साडेपाच फूट! लातूरचा डबा नांदेडच्या रुळावर जाणे शक्य नाही, नांदेडचा मुंबईच्या रुळावर जाणे शक्य नाही. यादी नको, पहारेकरी नको, कुलूप नको. याहून पक्के अलगपण जगात नसेल. पण त्याची किंमत काय होती? लातूरच्या कापसाची गाठ मुंबईला जायची तर कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. नांदेडची गाठ मनमाडला. किती हमालांच्या पाठी या दोन स्टेशनांवर वाकल्या असतील त्याचा हिशेब कुठल्याच रेल्वेच्या वहीत नाही. एके काळी मिरजेच्या स्टेशनात तर तिन्ही रुंदीचे रूळ शेजारी शेजारी नांदत असत. तीन जावा एका घरात, पण चुली वेगळ्या.

आमच्या मुख्याध्यापकांनी पहिला उपाय केला तो हाच. दोन पेट्यांमधली तार त्यांनी उपटून टाकली. अलगपण झाले; पण पलीकडच्या खोलीतल्या शिक्षिकाबाईंना कार्यालयात गुणपत्रक पाठवायचे तर बोटाएवढ्या कांडीत भरून ती कांडी हातात घेऊन जिना उतरावा लागे. आठ दिवसांत आमच्या शाळेची कुर्डुवाडी झाली.

दुसरा मार्ग नाक्याचा. लातूर आणि नांदेड निजामाच्या मुलखात, बार्शी-सोलापूर इंग्रजांच्या. रस्ता एकच, जमीन एकच, भाषा एकच; पण शिवेवर करोडगिरीचा नाका. जकातीला आमच्याकडे करोडगिरी म्हणत. निजाम आणि कंपनी यांच्यातल्या १८०२ च्या व्यापारी तहात शेकडा पाच हा दर ठरला होता. नाण्यांचेही तेच: निजामाचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजी रुपया वेगळा. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही मोकळे झालो, तरी हाली सिक्का १९५९ पर्यंत खिशात खुळखुळत होता. आमच्या घरात एका जुन्या डब्यात त्यातली दोन नाणी अजून आहेत. दिवाळीला लक्ष्मीपूजनात आई ती मांडते. बाजारात न चालणारा पैसा लक्ष्मीला चालतो.

नाक्याला रुळासारखी सगळ्यांची वाट अडवायची नसते. याला सोडायचे, त्याला अडवायचे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी त्याला एक गोष्ट कळावी लागते: हा माल आला कुठून? नाका एकच असेल तर डोळ्यांसमोरच कळते. पण मालाने चार नाके ओलांडायचे असतील तर चौथ्या नाक्यावरच्या कारकुनाला फक्त तिसऱ्या नाक्याकडून आलेली गाडी दिसते. ती मुळात कुठून निघाली हे त्याला कोण सांगणार? म्हणून मालाबरोबर कागद चालू लागला. बंगालमध्ये त्याला रवन्ना म्हणत. पहिल्या ठाण्यावर जकात भरायची, रवन्ना घ्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक चौकीवर तो दाखवायचा. १८३६ मध्ये तिथली अंतर्गत जकात उठली तेव्हाच या कागदाची सुटका झाली.

आता आमच्या दोन पेट्यांकडे या. दुसऱ्या खोलीत मुलांचे संगणक होते आणि दोन शिक्षकांचेही. शिक्षकांना पहिल्या खोलीतल्या कार्यालयाशी बोलायचे होते, म्हणून बसवणाऱ्याने दोन पेट्या जोडणारे पोर्ट सगळ्यांसाठी मोकळे ठेवले होते. मुलाचा निरोप दुसऱ्या पेटीतून जोडतारेने पहिल्या पेटीत आला. पहिल्या पेटीने पाहिले: हा कोणत्या पोर्टातून आला? जोडाच्या पोर्टातून. जोडाचे पोर्ट कोणाशी बोलू शकते? सगळ्यांशी. झाले! प्रत्येक पेटी आपापल्या घरात अगदी कडक होती, पण जोडतारेवर येताच निरोपाचे मूळ गाव पुसले जात होते. मुलगा आणि बाई, दोघेही पहिल्या पेटीला सारखेच दिसत होते. मुलाने कुलूप तोडले नव्हते. त्याच्या पडद्यावर शिक्षकांचा कप्पा आपण होऊन उघडा दिसत होता.

"मग यावर उपाय काय?" मी विचारले.

"चिठ्ठी, सर. निरोपाला चिठ्ठी चिकटवायची," माझा विद्यार्थी म्हणाला.

ही चिठ्ठी जगात कशी आली ती कथा मोठी गमतीची आहे. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनगृहात रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने एक टिपण लिहिले आणि त्यात आपल्या योजनेला ईथरनेट हे नाव दिले. प्रकाशाला वाहून नेण्यासाठी विश्वात ईथर नावाचे काही भरलेले आहे असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानीत. ते खोटे ठरले, पण नाव या तारेला मिळाले. डेव्हिड बॉग्ज या जोडीदाराबरोबर त्याने ती योजना उभी केली. एक जाड तार, तिला सगळे संगणक जोडलेले. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जायचे. वाड्यातल्या एकाच नळावर दहा बिऱ्हाडांनी बोलावे तसे. आपल्यासाठी नसलेले बोलणे प्रत्येकाने ऐकून सोडून द्यायचे, असा शिष्टाचार. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचे आणि थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा बोलायचे. (हा नियम शाळेच्या शिक्षकसभेत लागू करावा असे मला फार वाटते.)

अलगपणाचा तिथे प्रश्नच नव्हता. घर लहान, माणसे ओळखीची. पुढे घर मोठे झाले तेव्हा दोन तारांच्या मध्ये पूल बांधले गेले. पूल कोणता संगणक कोणत्या बाजूला आहे हे ध्यानात ठेवून गरजेपुरताच माल पलीकडे सोडी. पूल पुष्कळ झाले की निरोप गोल गोल फिरू लागत. त्यावर १९८५ मध्ये राडिया पर्लमन या बाईंनी तोडगा काढला. कितीही पूल असोत, त्यांतून झाडासारखी एकच फांदीव्यवस्था निवडायची आणि उरलेल्या वाटा मिटून ठेवायच्या. १९९० मध्ये अनेक पोर्टांची पहिली स्विचपेटी बाजारात आली. तिला सात पोर्ट होते, आणि ती काढणाऱ्या कंपनीचे नाव 'कल्पना'! संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. पत्नीचे नाव त्यांनी कंपनीला दिले. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली आणि नाव मागे पडले. आज जगातल्या कचेऱ्यांत लक्षावधी पेट्या लुकलुकतात. या धंद्याची सुरुवात एका कल्पनेने झाली, हे मला मराठी लेखक म्हणून तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

पेटी आली आणि मगच यादीची सोय आली. त्यानंतर चिठ्ठीची. १९९८ मध्ये या चिठ्ठीचे सर्वमान्य प्रमाण ठरले. प्रत्येक निरोपाला चार बाइटांचा एक तुकडा जोडायचा आणि त्यावर गटाचा क्रमांक लिहायचा. मुले दहा क्रमांकाची, शिक्षक वीस क्रमांकाचे. जोडतारेवरून दोघांचेही निरोप एकत्र जातात, पण पलीकडची पेटी चिठ्ठी वाचते आणि दहाच्या निरोपाला वीसच्या दारात उभे करत नाही. क्रमांकाला जागा बारा अंकचिन्हांचीच असल्यामुळे वापरण्याजोगे क्रमांक ४०९४ होतात. शाळेला ते शंभर जन्म पुरतील.

पण मोठ्या ठिकाणी, जिथे प्रत्येक पोर्ट दुसऱ्या प्रत्येक पोर्टापासून अलग ठेवायचे, तिथे दर पोर्टाला एक गट देणे परवडत नाही. शिवाय मोठ्या पेटीच्या पोटातही एक चिप नसते. अनेक चिपा एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणजे आमच्या दोन खोल्यांचे दुखणे एकाच पेटीच्या पोटात! तिथे चिपा आपसांत वेगळीच, अधिक बारकाईची चिठ्ठी चालवतात. तिच्यावर गट नव्हे, मूळ गाव लिहिलेले असते: अमुक क्रमांकाची चिप, तिचे अमुक पोर्ट. पलीकडच्या चिपेजवळ एक तक्ता असतो; त्या गावच्या मालाला माझ्या कोणकोणत्या दारांतून जाऊ द्यायचे, हे त्यात मांडलेले. मार्व्हेल कंपनीच्या अशा काही चिपांत हा तक्ता ५१२ ओळींचा आहे. ३२ चिपा आणि प्रत्येकीची १६ पोर्टे, असा गुणाकार. सोळा रस्त्यांच्या बत्तीस गोलाया! लिनक्स या जगभरच्या हौशी-धंदेवाईकांनी मिळून घडवलेल्या प्रणालीत या जोडचिपांची सोय २००८ मध्ये आली, पण मूळ गाव पाहून अडवण्याचा हा तक्ता नीट वापरात यायला २०१७ उजाडले. मधली नऊ वर्षे जगात किती पोरांच्या पडद्यावर प्रश्नपत्रिका दिसल्या असतील कोण जाणे.

चिठ्ठीवर विश्वास ठेवला की खोटी चिठ्ठीही येतेच. फर्रुखसियर बादशहाने १७१७ मध्ये कंपनीला वर्षाला तीन हजार रुपयांत बंगालमध्ये जकातमाफी दिली. कंपनीच्या मालाबरोबर दस्तक असे. तो पाहिला की चौकीवाला हात जोडून बाजूला होई. मग कंपनीचे नोकर आपला खाजगी मालही त्याच कागदावर नेऊ लागले, आणि पुढे तर देशी व्यापाऱ्यांना दस्तक विकूही लागले. मीर कासिमाने वैतागून १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात उठवली. त्यावरून भांडण पेटले, आणि २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सारची लढाई झाली. एका कागदाने एवढे रामायण केले.

पेट्यांच्या जगातही असले दस्तक निघाले. निरोपाला एकाखाली एक अशा दोन चिठ्ठ्या चिकटवायच्या. पहिली पेटी वरची काढून टाकते, आणि खालची खोटी चिठ्ठी दुसऱ्या पेटीला खरी वाटते. म्हणून शहाणा जोडारी दोन गोष्टी पाळतो. पेट्यांच्या आपसांतल्या जोडतारेवर आलेल्या चिठ्ठीलाच मान द्यायचा, मुलाच्या किंवा शिक्षकाच्या संगणकाकडून आयती चिकटून आलेल्या चिठ्ठीला द्यायचा नाही. आणि जोडतारेवरून एकही निरोप बिनचिठ्ठीचा जाऊ द्यायचा नाही.

रुळांचे पुढे काय झाले तेही सांगतो. अडीच फुटी गाडी गेली. लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ पर्यंत आणि मिरजेकडचा त्यामागून रुंद झाला. तेव्हा त्या छोट्या गाडीसाठी हळहळणाऱ्यांत मीही होतो. मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण आटले, शहराला प्यायला पाणी उरले नाही. ११ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. कॅलथ्रॉपचाच जुना रस्ता, पण रूळ साडेपाच फुटी. ते अडीच फुटीच असते तर रुंद रुळांवरच्या या टाक्या मिरजेच्या पुढे सरकल्याच नसत्या. त्या पहाटेपासून छोट्या गाडीविषयी मी हळहळत नाही.

नांदेडहून परतलो ते सरळ मुलाच्या घरी गेलो. वडील कामावर होते. आई चुलीपुढे होती. तिने पाटावर बसायला सांगितले. मी मुलाला म्हणालो, "चूक माझी होती." तो काही बोलला नाही. सहामाहीचा गणिताचा पेपर त्याने नव्याने काढलेल्या प्रश्नांवर दिला, पण संगणकाच्या खोलीत तो महिनाभर आला नाही, आणि मीही त्याला बोलावले नाही.

नव्या पेट्या बसवायला माझा नांदेडचा विद्यार्थी एका रविवारी आला. दुपारी पाहतो तो हा मुलगा खोलीच्या दारात उभा. "सर, कोणती तार कोणाची हे कसं कळायलं?" त्याने विचारले, मला नव्हे, त्या दुसऱ्याला. त्याने याच्या हातात कागद आणि कात्री दिली. संध्याकाळपर्यंत पोराने कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर खोली आणि पोर्ट यांचा क्रमांक घातला आणि तारांच्या दोन्ही टोकांना चिकटवल्या. एक तार उरली होती. दोन पेट्यांना जोडणारी. तिच्यावर काय लिहायचे म्हणून तो थोडा थांबला, मग त्याने लिहिले: "कुर्डुवाडी".